भिंतीवरची नाचरी अक्षरं

माझी नात मृण्मयी पुण्याला राहून अक्षरं शिकते. बाराखडी ती इथेच शिरूर कासारला शिकली होती, पण तेवढ्यावर भागलं नाही म्हणून तिच्या बापानं पोटाला चिमटा घेऊन तिला पुन्हा अक्षरंच शिकायला पुण्याला धाडलं, आणि आता ती कॉम्प्युटरवर फॉन्ट बनवते. तिचं नाव असं की कुणी ते बोर्डावर लिहून मागितलं असतं, तर माझ्या वडिलांनी त्याला आधी पोरीचं बारसं परत करून या म्हणून सांगितलं असतं. मागच्या दिवाळीत ती माझ्यासमोर कागदांची चळत, शाईची बाटली आणि ब्रश मांडून बसली आणि म्हणाली, "आज्जी, मला तुझं अक्षर पाहिजे. सगळंच्या सगळं." किडनी मागितली असती तर दिली असती, अक्षर काय चीज आहे. मी चष्मा पुसला, पदर खोचला आणि क पासून सुरुवात केली.

पाचव्याच अक्षराला गाडी अडली. उभ्या जन्मात मी ङ लिहिलेला नाही. सलूनच्या बोर्डावर लिहिलं, गिरणीवर लिहिलं, रसवंतीवर, बँडवाल्याच्या हातगाड्यावर, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर, एकदा तर एका पुढाऱ्यानं बांधलेल्या मुतारीवर त्याचं नाव लिहिलं, पण ङ वरून सुरू होणारा माणूस मला बीड जिल्ह्यात भेटला नाही. "कुणाला लागतो गं हा?" मी विचारलं. "लागत नाही कुणाला," नात म्हणाली, "पण फॉन्टात असावा लागतो." म्हणजे घरातल्या थोरल्या दिरासारखा. काढला बाई ङ, डोक्यावर थोडी ऐट देऊन. मग तिनं सांगितलं की प्रत्येक अक्षर निरनिराळ्या उड्यांचं काढायचं, कारण 'रविवार'मध्ये दोन र येतात, दोघांनी सारखीच उडी मारली तर ते कवायतीतले वाटतील. हे मात्र मला पटलं. अप्पांना पटलं नसतं. त्यांना कवायतच आवडायची.

अप्पा म्हणजे माझे वडील, मन्मथअप्पा पेंटर. त्या वेळी शिरूरला एकच पेंटर होता आणि तो ते होते, त्यामुळे 'पेंटर' हे त्यांचं आडनाव आहे असं मला शाळेत जाईपर्यंत वाटायचं. आमचं घर स्टँडाकडून बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर. आत दोन खोल्या आणि एक पडवी, पण रस्त्याच्या अंगाला भिंत मात्र अशी लांबलचक की बघणाऱ्याला आत जहागीर आहे असं वाटावं. घरात कायम वासांची मारामारी चालायची. पडवीत रॉकेल, तेलरंग आणि चुलीवर शिजणारा रंगाचा सरस, आणि आत आईचं भाजणं-कुटणं. आई आमटीसाठी येसर करायची तेव्हा गहू, हरभराडाळ, धने, मिरच्या भाजल्याचा खमंग वास रॉकेलवर मात करायचा आणि अप्पा ब्रश धुता धुता शिंकत राहायचे. आमच्या आमटीला टर्पेंटाइनची चव येते असं आत्या म्हणायची. आत्या म्हणजे अप्पांची थोरली बहीण, नवरा गेल्यावर आमच्याकडेच राहायला आलेली. तक्रार करून झाली की ती तीच आमटी आणखी एक वाटी घ्यायची.

अप्पांचं अक्षर ठोकळा. उभं, जाड, चौकोनी, इस्त्री केलेल्या खाकी चड्डीसारखं. "अक्षर कसं पायजे?" ते विचारायचे आणि स्वतःच उत्तर द्यायचे, "फौजदार दारात उभा हाय असं वाटलं पायजे." त्यामुळे आमच्या गावात गोळ्या-बिस्किटांचं दुकानसुद्धा पोलीस चौकीसारखं दिसायचं. लिहिण्याआधी सुतळी ठोकायची हा त्यांचा सगळ्यात मोठा संस्कार. सुतळीला नीळ चोळायची, एक टोक एकानं धरायचं, दुसरं दुसऱ्यानं, ताणायची आणि मधोमध चिमटीत धरून सोडायची. ठप्प. भिंतीवर निळी सरळ रेघ. अशा दोन रेघा, आणि अक्षरांनी मरेपर्यंत त्या दोघींच्या आत राहायचं. सुतळीचं एक टोक धरायला मी कळत्या वयापासून होते. पुढे अप्पांनी आखलेली अक्षरं भरायला लागले, मग शेड द्यायला, म्हणजे अक्षराच्या एका अंगाला सावली ओढायला, आणि दहावीला दुसऱ्यांदा बसले तोवर अख्खे बोर्ड लिहायला लागले. दहावीला तिसऱ्यांदा बसले नाही, कारण तोवर हाताला काम पुष्कळ होतं.

पण माझा हात सरळ राहायचा नाही. म्हणजे अप्पांसमोर राहायचा, त्यांची पाठ वळली की शिवशिवायला लागायचा. रिकाम्या डब्यांच्या झाकणांवर मी माझी अक्षरं काढायची. ब्रश पूर्ण ओला करायचा, एका दमात खाली आणायचा, वळणावर दाबायचा आणि शेवटी उचलून फेकायचा, की शेपटी आपोआप निघते. एक अक्षर वर, एक खाली, एक रेलून बसलेलं, एक पळत सुटलेलं. शिरोरेघसुद्धा सरळ नाही, जागरणात मुरळी नाचताना तिचा पदर उडतो तशी. अप्पांनी एकदा झाकण उलटून पाहिलं आणि विचारलं, "ह्या अक्षराच्या अंगात आलंय काय?" मग झाकण खाली ठेवून म्हणाले, "घुमणारं अक्षर आपल्याला नगं. कोण वाचील ते? लोक हसतील." लोक हसले तर बिघडतं काय, हे मला तेव्हा कळत नव्हतं. आजही कळत नाही.

अशात माझं लग्न ठरलं. धर्मापुरीचं स्थळ, आमच्यातलंच, किराणा-भुसाराचं मोठं दुकान, तूप घरचं. मुलगा वैजनाथ. बघायला आला तेव्हा सगळा वेळ बशीतल्या चहाकडे बघत होता, बशीत लग्नाचा मुहूर्त तरंगतोय अशा थाटात. माणूस वाईट नव्हता. पण त्याचा काका बसवंतअप्पा हा त्या घरचा कारभारी, आणि बोलायचं कंत्राट त्याच्याकडे होतं. त्यानं माझ्या हातांकडे पाहिलं. मी रॉकेलनं, राखेनं, लिंबानं घासूनही नखांच्या कडांना लाल रंग उरला होता. "हे काय?" त्यानं विचारलं. आई घाईनं म्हणाली, "मेंदी हाय." "मेंदी नखाच्या मुळाला लावतेत काय?" मग अप्पांनीच सांगितलं की पोरगी बोर्ड लिहिते. बसवंतअप्पा म्हणाला, "पोरगी पसंत हाय. बरूश मात्र हितंच ठिवून यायचा. आमच्यात बाया शिडीवर चढत न्हाईत."

अप्पा हो म्हणाले. आई हो म्हणाली. मला कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर मीही बहुतेक हो म्हणाले असते, कारण तेव्हा ना म्हणायची पद्धतच नव्हती. पण त्या रात्रीपासून मला जेवण जाईना. नवरा, सासू, तूप, धर्मापुरीचं देऊळ, सगळं चालणार होतं. उरलेलं आयुष्य तांदूळ निवडत काढायचं आणि हातात ब्रश नाही, हे चालणार नव्हतं. मी आईला तसं म्हटलं तर ती म्हणाली, "अगं, तिथं रांगोळी काढ की." रांगोळी! वाघाला दुधावर ठेवण्यातला प्रकार.

लग्नघराची भिंत रंगवायची आमच्याकडची रीत तुम्हाला माहीत असेल. दारावरची भिंत चुन्यानं पांढरी करायची, वर 'शुभविवाह', मध्ये गणपती नाहीतर नंदी, दोन्ही बाजूंना वधूवरांची नावं. मुलीच्या घरी मुलीचं नाव आधी, मुलाच्या घरी मुलाचं. आमच्या तालुक्यातल्या निम्म्या लग्नांच्या भिंती अप्पांनी लिहिलेल्या. आता त्यांच्या स्वतःच्या घरची भिंत, तीसुद्धा एकुलत्या एक पोरीची, आणि ऐन वेळी त्यांचा उजवा हात मोडला. आयुष्यभर शिडीवर वावरलेला हा माणूस पडला तो बाजेवरून. दुपारी झोपेत कूस बदलली आणि खाली. गावाला मात्र ते शिडीवरून पडलो म्हणून सांगायचे, आणि दर सांगण्यागणिक शिडी उंच होत गेली. प्लास्टर घालून आले, भिंतीकडे बघून सुस्कारा टाकला. आत्या म्हणाली, "बीडहून बोलवा की एखादा पेंटर." अप्पा असे भडकले की प्लास्टर तडकतंय की काय असं वाटलं. "पेंटरच्या घरावर दुसऱ्याचा बरूश? त्यापेक्षा भित पाडतो." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "शके, तू लिव. ठोकळा. सुतळी ठोकून." आणि आई-अप्पा दोघं मामाला पहिलं आवतन द्यायला उमापूरला गेले. मामाला पोस्टानं पत्रिका धाडली तर तो पुढची सात वर्षं ते काढतो, म्हणून जातीनं जावं लागतं.

घरात मी आणि आत्या. शिडी लावली, चुन्याचा हात दिला, तो वाळल्यावर सुतळीला नीळ चोळली आणि दुसरं टोक आत्याच्या हातात दिलं. तेवढ्यात रस्त्यानं बांगड्यावाली कासारीण आली. आत्यानं सुतळी धरूनच तिला विचारलं, "कावून गं, लई दिवसांनी?" मग तिच्या सुनेचं बाळंतपण निघालं, बाळंतपणातून शेजारणीची म्हैस निघाली, आणि आत्याचा हात गप्पांच्या लयीत खालीवर होऊ लागला. मी सुतळी सोडली. ठप्प. रेघ अशी पडली की सुरुवात माझ्या खांद्याशी, मधे पोटात गेलेली आणि शेवट आत्याच्या कमरेशी. "पुसून पुन्यांदा ठोकू का?" आत्यानं विचारलं. मी त्या रेघेकडे बघत राहिले. रेघ वाकडी पडली हे मी पुढे सगळ्यांना निमित्त म्हणून सांगितलं. रेघ सरळ पडली असती तरी मी तेच केलं असतं. ही माझी शेवटची भिंत होती आणि ती मला पोलीस चौकीच्या अक्षरात लिहायची नव्हती.

सरसात गेरू कालवला, पिवळी पेवडी कालवली, निळीत काजळ घालून शेडचा रंग केला. सगळ्यात जाड ब्रश घेतला. 'शुभविवाह' लिहिला तो वरातीतल्या घोड्यासारखा, 'श'नं मान वर केलेली, 'ह'नं शेपूट उडवलेली. मग माझं नाव. शकुंतला हे नाव आईनं कुठल्या मुहूर्तावर ठेवलं कुणास ठाऊक, पण ब्रशसाठी त्याच्यासारखं नाव नाही. 'श'ची गाठ, 'कुं'चा झोका आणि वर अनुस्वाराचा ठिपका, 'त'चं वळण, 'ला'चा फाफटपसारा. एकेक अक्षर एका दमात. त्यानंतर मधे नंदी काढला, तोही जरा हसऱ्या तोंडाचा निघाला. पलीकडे 'चि. वैजनाथ'. 'वै'च्या दोन मात्रा अशा मागे गेल्या, जणू वाऱ्यानं टोपी उडाली. 'थ'ची शेपटी मी खाली सोडली ती नंदीच्या खुरापर्यंत गेली. शेवटी शेडसाठी उजेड कमी पडला आणि मी उतरले. अंगभर रंग, केसांत चुना, आणि पोटात अशी भूक की आत्यानं केलेले धपाटे मी दह्याबरोबर मोजता येणार नाहीत इतके खाल्ले. त्या दिवशी जेवण गेलं, हे मी मुद्दाम लिहून ठेवते.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीसमोर गर्दी. बाजाराला निघालेल्या बाया डोक्यावरच्या पाट्या सावरत थांबून वाचत होत्या आणि हसत होत्या, पण वाईट हसत नव्हत्या. रघू न्हावी वस्तरा हातात घेऊनच आला, मागे अर्धी दाढी केलेलं गिऱ्हाईक ठेवून. "शकूताई, माह्या दुकानाचं असंच लिवून द्या की. लगीन झाल्यावर देता का?" लग्न झाल्यावर मी तांदूळ निवडणार होते. मी त्याला तसं सांगितलं नाही, नुसती हसले आणि आत येऊन रडले.

संध्याकाळी अप्पा-आई उमापूरहून परतले. आईनं कपाळावर हात मारला. अप्पा रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभे राहिले. कितीतरी वेळ. मग घरात आले, बाजेवर बसले आणि नुसतं म्हणाले, "चुनकळी भिजत घाल. सकाळी पुसायचं." शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, मला शिव्यांची सवय होती. मी चुनकळी बादलीत टाकली, तिनं खदखदून वाफा सोडल्या, आणि तिच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं.

सकाळी पुसायचं ठरलं होतं, पण सकाळीच धर्मापुरीकर उपटले. बीडला बस्ता बांधायला, म्हणजे लग्नाचे कपडे घ्यायला आले होते, तिथून मानपानाचं बोलायला म्हणून न कळवता आमच्याकडे. बसवंतअप्पा, वैजनाथ आणि त्याची आई. आईची एकच पळापळ. तिनं आदल्या दिवशी भिजवलेल्या गव्हाची हुग्गी, म्हणजे खीर, चुलीवर चढवली, गूळ फोडला, मला लुगडं नेसायला पिटाळलं. पण बसवंतअप्पा घरात आलाच नाही. तो भिंतीसमोर उभा होता, धोतराचा सोगा हातात, तोंड उघडं. मी दाराआडून पाहत होते. शेजारपाजारचे लोक कामधंदा सोडून जमलेच होते, कारण शिरूरला करमणूक कमी.

"मन्मथअप्पा," तो म्हणाला, "हे आमच्या पोराचं नाव हाय का तमाशाचा बोर्ड?"

"पोरीनं लिव्हलंय," अप्पा म्हणाले.

"ते दिसतंयच. आमचा वैजनाथ बघा, कमरंत लचकल्यावाणी. आन् तुमची पोरगी बघा, त्याच्या डोक्याच्या वर जाऊन बसली." हे खरं होतं. वाकड्या रेघेची उंच बाजू माझ्या नावाकडे होती, आणि त्यात 'श'नं आणखी उडी घेतलेली. माझं नाव नवऱ्याच्या नावापेक्षा हातभर वर गेलं होतं.

वैजनाथ पहिल्यांदाच तोंड उघडून म्हणाला, "काका, मला तर बरं वाटतंया."

"तू गप बे."

वैजनाथ गप्प बसला. तेवढ्यानंच मला त्याचा सगळा पुढचा संसार दिसला.

"पुसणारच हाय," अप्पा खालच्या आवाजात म्हणाले. "चुना भिजलाय." त्यांनी बादलीकडे बोट दाखवलं. मुलीचा बाप होते, आवाज खालीच ठेवायचा होता. आणि गोष्ट तिथेच मिटली असती. भिंत पांढरी झाली असती, मी धर्मापुरीला गेले असते आणि हे प्रकरण लिहायला कुणी उरलं नसतं. पण बसवंतअप्पाला जिंकल्यावर थांबायची सवय नव्हती.

"पुसाच. आन् तो बरूश चुलीत घाला, म्या मागंच सांगून गेलतो. परळीहून आमचा पेंटर लावून देतो, तो सरळ लिवून जाईल. तुमचा हात तर गेलाच हाय आता."

अप्पांनी मान वर केली. भिंतीजवळ गेले आणि एकेक अक्षर बघायला लागले, डावीकडून उजवीकडे, नाक भिंतीला लागेल इतक्या जवळून. ही त्यांची काम तपासायची पद्धत. गिऱ्हाइकाला बोर्ड द्यायच्या आधी ते असं बघत आणि तेव्हा त्यांच्याशी बोललेलं त्यांना ऐकू जात नसे. 'शुभविवाह' बघितलं. 'शकुंतला' बघितलं, 'कुं'च्या झोक्यापाशी मान तिरकी केली. नंदीपाशी जरा थांबले. 'वैजनाथ'पाशी आले आणि प्लास्टरमधून बाहेर आलेल्या बोटांनी एका जागी टकटक केलं.

"शके."

मी बाहेर आले. डोक्यावर पदर, अंगावर आईचं लुगडं. "काय अप्पा?"

"'ना'ची शेड राहिली."

"उजेड गेला म्हणून..."

"अर्धवट काम आपल्या भितीवर ऱ्हात न्हाई. शिडी आण."

दारातून आईचा आवाज आला, "अवो, काय करताय!" तिच्या हातात हुग्गी ढवळायचा पळा तसाच होता आणि त्याच्यावरून गूळ-दूध खाली ठिबकत होतं. आत्या पदर तोंडाला लावून उभी. मी शिडी, ब्रश आणि शेडचा डबा आणला, शिडी भिंतीला टेकवली आणि थांबले. होणाऱ्या चुलत सासऱ्यासमोर, नवऱ्यासमोर, सासूसमोर, अर्ध्या शिरूरसमोर. मी चढले की लग्न मोडलं, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही कळत होतं. अप्पांना तर कळतच होतं. त्यांनी डाव्या हातानं शिडी धरली, पाय खालच्या पायरीला लावला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले,

"चढ."

मी लुगडं खोचलं आणि चढले. मी खूश होते. इतकी खूश की आयुष्यात पुढे मुलगा झाला तेव्हासुद्धा झाले नव्हते, आणि हे माझ्या मुलानं वाचलं तरी माझी हरकत नाही. सावकाश, ओठ दाबून, 'ना'च्या अंगाला शेड ओढली.

"मन्मथअप्पा, सोयरीक मोडतीया, कळतंय का?" बसवंतअप्पा खालून गरजला.

अप्पा वळलेसुद्धा नाहीत. "हळू बोला," म्हणाले, "शिडी हालती."

गर्दीतून कुणीतरी फिस्सकन हसलं, मग सगळेच. बसवंतअप्पा तरातरा स्टँडाकडे निघाला, मागे वैजनाथची आई. वैजनाथ थोडा मागे रेंगाळला. आपलं नाव त्यानं पुन्हा एकदा नीट वाचलं, आणि मला अजून वाटतं की त्याला ते सोबत न्यायचं होतं. मग काकानं हाक मारली आणि तो पळाला. पुढे त्याचं चांगलं झालं असं ऐकलं.

पाहुण्यांसाठी केलेली हुग्गी आमच्या वाट्याला आली. आई रडत रडत वाढत होती आणि आत्या रडत रडत खात होती. जिल्हाभर बोभाटा झाला की मन्मथअप्पाच्या पोरीचं लग्न अक्षरापायी मोडलं. पण बोभाट्याचं एक बरं असतं, तो फुकट गावोगाव जातो. कसली अक्षरं, म्हणून लोक बघायला यायचे आणि जाताना बोर्ड सांगून जायचे. आधी रघू न्हावी, मग रसवंत्या, मग बँडवाले. बँडवाल्यांना तर माझं अक्षर बघूनच नाचावंसं वाटायचं, आणि त्यातल्याच एका क्लॅरिनेट वाजवणाऱ्याशी पुढे माझं लग्न झालं. त्याच्या भिंतीवर मी त्याचं नाव माझ्यापेक्षा किंचित वर काढलं होतं. त्यालाच ते आवडलं नाही, म्हणाला उगीच पडायची भीती वाटते. फ्लेक्स आले तेव्हा सगळं बसलं, भिंती मोकळ्या झाल्या आणि मी शेळ्या पाळल्या. आणि आता मृण्मयीचा तो फॉन्ट. परवा स्टँडावर एक भलामोठा फ्लेक्स लागलेला पाहिला, कुणाच्या तरी बैलाच्या वाढदिवसाचा, बैलाला गॉगल घातलेला आणि त्याच्या शिंगांवर माझं अक्षर. माझाच 'श', माझाच 'ला', शुभेच्छा देणाऱ्या पंचवीस उडाणटप्पूंची नावं माझ्या वळणात उड्या मारत होती. ज्या हातानं बोर्ड लिहायला लोक चार-चार दिवस थांबायचे, तो आता कुणाही सोम्यागोम्याच्या मोबाइलात बसलाय. नातीला वाटलं मला राग येईल. मला कसला राग, मी उभी राहून सगळी नावं वाचली. बैल देखणा होता.

पण त्या दिवसाचं राहिलंच. पाहुणे गेल्यावर दुपारी अप्पा उठले, डाव्या हातात कुंचला घेतला आणि चुन्याची बादली घेऊन भिंतीपाशी गेले. मी आत बसून राहिले. वाटलं, जे व्हायचं ते होऊन गेलं, आता भिंतही जाईल, आणि तेवढा त्यांचा हक्क आहे. बराच वेळ कुंचल्याचा सपसप आवाज येत राहिला. मग त्यांनी हाक मारली. बाहेर येऊन बघते तर 'शुभविवाह' गेला होता. सकाळी शेड दिलेला वैजनाथ शेडसकट गेला होता. नंदी ठेवला होता, त्यानं बिचाऱ्यानं काय केलं होतं. माझ्या नावामागचं 'चि.सौ.कां.' डाव्या हातानं पुसताना चुन्याचे ओघळ आले होते. आणि नंदीच्या अलीकडे 'शकुंतला', जशीच्या तशी.

"हा चुना वाळला की लिव," अप्पा म्हणाले.

"काय?"

"नावाच्या म्होरं, नंदीच्या पल्याड जागा रिकामी हाय न्हवं? पेंटर लिव."

त्या गावात तोवर तो शब्द फक्त एका माणसाचा होता. विचारायचं म्हणून विचारलं, "ठोकळ्यात लिहू?"

"येडी हाय का? नाव नाचतंय आन् पेंटर हजेरीला उभा? सारखं दिसाय नगं का?"

मी लिहिलं. एका दमात, शेवटच्या 'र'ला उचलून फेकत. आत्या पडवीतून बघत होती. डोळे पुसून पुसून तिचा पदर ओला झाला होता. ती म्हणाली, "मन्मथा, लेका, अख्ख्या रस्त्याला वाचाय येईल असं लिवून ठिवलंस. आता हिच्याशी लगीन कोण करंल?"

अप्पा भिंतीकडे बघत होते. म्हणाले, "ज्याला वाचता येतं तो."